एका पिकाचे अर्थकारण : कळंब ते माली

कळंब : चिंतामणी गणेशाचे क्षेत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील या तालुक्याचे अर्थकारण प्रामुख्याने कापसाभोवती फिरते. कोरडवाहू जमिनीत तूर व सोयाबीनही घेतले जाते. तथापि कर्जफेड, लग्नकार्ये आणि पुढच्या खरिपाचे बियाणे यांचा हिशेब ‘पांढऱ्या सोन्या’च्या भावावरच ठरतो. एकाच संपत्तीवर विसंबलेल्या विकसनशील देशांचा प्रश्न येथे लहान प्रमाणात दिसतो.

या अवलंबनाला जुना इतिहास आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला चढा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईतील अनेक बँका व कंपन्या बुडाल्या.

माली, बुर्किना फासो, बेनिन व चाड या कापूस उत्पादक देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानांविरुद्ध आवाज उठवला. मालीत २०१२, २०२० व २०२१ मध्ये, तर बुर्किना फासोत २०२२ मध्ये दोनदा लष्कराने सत्ता घेतली. सशस्त्र बंडखोरी हे त्यामागचे प्रमुख कारण होते. मात्र सोने व कापूस अशा मोजक्या निर्यातीवर चालणाऱ्या तिजोरीला असे संकट पेलणे अवघड जाते.

भारतात कापसाचे भाव पडले म्हणून राज्यव्यवस्था कोसळत नाही. परंतु तो धक्का नाहीसा होत नाही, तो शेतकरी कुटुंबावर येऊन पडतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांना विदर्भात येऊन यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले.

हा धक्का वाटून घेण्याचा प्रयत्न राज्याने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजनेद्वारे केला होता. तेजीच्या वर्षी निधी साठवायचा आणि मंदीत वापरायचा, ही त्यामागील कल्पना होती. मात्र बाजारापेक्षा जादा हमीभाव, लांबलेले चुकारे आणि वाढता तोटा यांमुळे ती ढासळली. २००२-०३ च्या हंगामात खासगी खरेदीला वाट मोकळी झाली.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये ठरली. त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात, कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ करण्यात आले. गिरण्यांना दिलासा मिळाला. वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याची सौद्याची ताकद मात्र घटली. देश स्थिर राहिला तरी त्या स्थैर्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न कळंबसारख्या तालुक्यांत कायम आहे.