पोलिश क्रियापदांच्या दीर्घ रूपांतील आघात : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात स्त्रिया व मुले यांची संख्या मोठी होती. मायदेशाचा परिसर तुटल्यामुळे मुलांची भाषा शुद्ध राखण्याचा भार घर आणि छावणीतील पोलिश शाळा यांच्यावर होता. पोलिशमध्ये 'शुद्ध' बोलण्याची एक कसोटी म्हणजे क्रियापदांच्या लांब रूपांतील आघात. या आघाताचा इतिहास मराठी वाचकालाही परका वाटू नये असा आहे.

पोलिशमध्ये आघात सामान्यतः उपान्त्य अक्षरावर येतो. येथे अक्षर म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चारगट; देवनागरी लेखनही स्थूलच समजावे. 'रोबिली' (ते करत होते) यात आघात 'बि'वर आहे. नियमानुसार 'रोबिलिश्मी' (आम्ही करत होतो) यात तो 'लि'वर हवा. पण शिष्ट उच्चारात तो 'बि'वरच राहतो. 'रोबिलिबिश्मी' (आम्ही केले असते) या पाच अक्षरी रूपातही तो हलत नाही.

याचे कारण इतिहासात सापडते. जुन्या पोलिशमध्ये 'रोबिली येश्मी' असे दोन शब्द होते : लिंगानुसार बदलणारे कृदन्त आणि 'असणे' या अर्थाचे सहायक क्रियापद. 'येश्मी' झिजून 'श्मी' झाले व मागील शब्दाला चिकटले. आघात मात्र मूळ शब्दाचाच राहिला. हा सांधा अद्याप इतका सैल आहे, की 'श्मी' क्रियापद सोडून सर्वनामाला लागते : 'मिश्मी रोबिली'. मराठीत 'करतो आहे'चे 'करतोय' होताना हीच प्रक्रिया आपल्या कानांसमोर घडते. ('गेला', 'गेली' यांतील 'ल' प्राकृत 'इल्ल'पासून आला आहे, पोलिश 'ल'शी असलेले त्याचे साम्य योगायोगाचे.)

अक्षरविभागणीत 'लिश्-मी' व 'लि-श्मी' असे दोन्ही उच्चार संभवतात. देवनागरीचे जोडाक्षर अनायासे दुसरी, म्हणजे व्युत्पत्तीला धरून असलेली, फोड दाखवते.

अनौपचारिक पोलिशमध्ये आघात आता 'लि'वर सरकतो आणि शिष्ट वक्ते त्यास दोष मानतात. हा निर्णय घाईचा आहे. एकवचनी 'रोबिव' (तो करत होता) यात आघात 'रो'वर, तर 'रोबिवेम' (मी करत होतो) यात 'बि'वर येतो. तेथेही प्रत्यय मूळचे सहायक क्रियापदच होते. ते शब्दात पूर्ण मुरले, आघात सरकला, आणि त्या उच्चाराला आज कोणी अशुद्ध म्हणत नाही.