माफीचं कलम

एप्रिल २०२०. आमच्या सोसायटीच्या गेटवर मी टेंपरेचर गन घेऊन उभा होतो. कमिटीने तरुण पोरांच्या पाळ्या लावल्या होत्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मार्चचा पगार न्यायला आल्या. रिक्षा बंद, त्यामुळे उन्हातून चालत आल्या होत्या. मी पाकीट प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं, सहा फूट मागे सरकलो आणि म्हणालो, "घ्या." त्यांनी पाणी मागितलं. मी म्हणालो, "नळ आत आहे, मावशी. बाहेरच्यांना बंदी आहे." त्या निघून गेल्या.

आता कोविडचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "जाऊ दे ना, त्या वेळी कुणालाच काही कळत नव्हतं." कडक नियम करणाऱ्यांना आणि ते राबवणाऱ्यांना माफ करून टाकावं, असा त्याचा अर्थ. मला हे पटकन पटतं, कारण त्यात माझीही सुटका होते. म्हणूनच मला त्याचा संशय येतो. आणि मी राहतो त्या पुण्यात हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग सापडला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. एका पानात मावेल एवढा, अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमाने सरकारला हवे ते नियम करायची मुभा मिळाली. तिसऱ्याने ते मोडणाऱ्याला शिक्षा ठरवली. आणि चौथ्याने सांगितलं की, या कायद्याखाली सद्‌हेतूने काम करणाऱ्या कुणावरही दावा लावता येणार नाही. म्हणजे चूक व्हायच्या आधीच माफी लिहून तयार होती.

पुण्यात प्लेग पसरला तेव्हा साताऱ्याहून वॉल्टर चार्ल्स रँडला आणून प्लेग कमिटीचा प्रमुख केलं. मार्च ते मे महिन्यांत सैनिकांनी पुण्यातली घरं तपासली. बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणं, बायाबापड्यांना चारचौघांत तपासणं, सामान बाहेर काढून जाळणं, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्या धडधाकट माणसांना छावणीत नेणं, अशा तक्रारींनी पुणं भरून गेलं. रँडने मात्र आपल्या अहवालात समाधान व्यक्त केलं. सैनिकांवर नीट लक्ष होतं, लोकांच्या चालीरीतींची कदर राखली गेली, आणि बायकांशी गैरवर्तनाची विश्वास ठेवण्याजोगी एकही तक्रार आली नाही, असं त्याचं म्हणणं.

पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. २२ जून १८९७, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव. गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. तिघे चापेकर भाऊ आणि महादेव रानडे फासावर चढले. या गोष्टीवर सिनेमा निघाला, पुतळे उभे राहिले.

पण माफीच्या प्रश्नासाठी मला त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगासमोर साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते, वय ३१. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं की, सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने जीव दिला. ते परत आले तोवर रँडचा खून झाला होता आणि पुण्यात दहशत होती. पत्रं लिहिणारे नाव उघड करायला तयार होईनात. पुरावा नाही म्हटल्यावर गोखल्यांनी आरोप मागे घेतला आणि गव्हर्नरची, प्लेग कमिटीची, सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. नातू बंधूंना खटल्याविना अटकेत ठेवलं गेलं. टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली.

म्हणजे त्या सगळ्या प्रकरणात ठळकपणे माफी मागितली ती तक्रार करणाऱ्याने!

"कळत नव्हतं" हे मात्र खरं होतं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. त्यामुळे गाद्या का जाळल्या, असं रँडला विचारण्यात फार अर्थ नाही. पण त्याच साथीत हडपसरजवळ सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत रोग्यांची सेवा करत होते. तेही आजाऱ्याला घरातून हलवतच होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवरून दवाखान्यात आणलं, आणि त्यांनाच लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पिसवांबद्दल त्यांनाही माहीत नव्हतं. अज्ञान दोन्हीकडे सारखंच होतं. मग देवघरातल्या बुटांची जबाबदारी अज्ञानावर कशी टाकणार?

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी चार तासांत देश बंद होणार असल्याचं सांगितलं. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून चालत निघाले होते. सप्टेंबरमध्ये संसदेत विचारलं गेलं, घरी परतताना किती मजूर मेले? उत्तर आलं, अशी माहिती ठेवलेली नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने लॉकडाउनचे नियम मोडणाऱ्यांवरचे कलम १८८ चे गुन्हे मागे घ्यायचं जाहीर केलं. ते चांगलंच झालं. पण माफ केलं ते सरकारने लोकांना. मला गोखले आठवले.

चापेकरांचा मार्ग मला नको आहे. कुणी तुरुंगात जावं असंही नाही. पण माफ करायचं तर कशाबद्दल, हे आधी लिहिलेलं हवं. निर्णय कुणी घेतला, तेव्हा त्यांना काय माहीत होतं, कुणाचं काय गेलं. ज्याची मोजदादच नाही त्याला माफ करणं म्हणजे नुसतं विसरणं.

गेल्या दिवाळीत मी मावशींना त्या दिवसाबद्दल बोललो. त्या भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार दादा, वरून ऑर्डर होती."

हे चौथं कलमच होतं, त्यांच्या तोंडून आलेलं. मी ते घेऊन गप्प बसू शकलो असतो. पण नळ गेटपासून वीस पावलांवर आहे.

"पाणी आणून देता आलं असतं," मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले. "हो," त्या म्हणाल्या, "तेवढं आलं असतं."

आणि त्यांनी पुढची कढई घेतली.