पान आसामचे, चहा इथला : प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात चहाचे मळे नाहीत. तरीही गुलमंडी असो की शहागंज, भल्या सकाळी चहाची भांडी चढलेली असतात, आणि घरी आलेल्याला चहा विचारला नाही तर ते त्याच्या मनाला लागते. इतक्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीचा अभ्यास कशाला, असे कुणी विचारील. माझे सांगणे एवढेच, की या अभ्यासाची सुरुवात रोजच्या पातेल्यापासून करावी. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी पान. हिरवा, काळा, ऊलाँग, पांढरा हे सारे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे. खरा फरक पडतो तो खुडणीनंतर. पान चुरगळले की त्यातल्या कॅटेचिनांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. काळ्या चहाचा तांबूस रंग आणि तरतरी त्यातून येते. हिरव्या चहात पानाला लगेच उष्णता देऊन ही क्रिया थांबवतात. त्याला 80 अंशांच्या आतले पाणी पुरते. उकळते ओतले तर तो कडवट होतो. दार्जिलिंगचे अख्खे पान झाकून तीन-चार मिनिटे मुरू द्यावे. किराणा दुकानातली दाणेदार पूड मात्र सीटीसीची असते : 1930 च्या सुमारास आसामात निघालेल्या यंत्राच्या रीतीने पान चिरडून, फाडून, वळवून केलेली. ती रंग आणि कडकपणा झटपट सोडते, म्हणूनच दूध-साखरेपुढे टिकते. दुधात उकळलेल्या चहाला कमअस्सल समजण्याचे कारण नाही. त्या पुडीला तीच रीत साजते.

चहात मसाला उकळण्याची चालही जुनी आहे. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री 1689 मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघाला होता. इथले लोक चहाच्या पाण्यात मसाला उकळतात, खडीसाखरेबरोबर तो पितात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या काळी सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारा व्यापारी मार्ग औरंगाबादवरून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरवरून, जात असे. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पोहोचला 1839 मध्ये. म्हणजे आपल्याकडचा मसाला आपल्याकडच्या मळ्यांहून दीडशे वर्षांनी थोरला.

आता आपले पातेले पाहू. त्यात पान आणि वेलची बाहेरची, बाकी बरेचसे इथले : कन्नड, खुलताबाद, फुलंब्री तालुक्यांतले अद्रक, परसातला गवती चहा, म्हशीचे दूध, पैठणच्या नाथसागर जलाशयाचे पाणी. अद्रक ठेचून आधी पाण्यात उकळतात, कारण कच्च्या अद्रकातले एक एन्झाइम दुधातली प्रथिने तोडते आणि दूध नासते. उकळीने त्याचा जोर संपतो. गुळाच्या चहात दूध शेवटी, आच बंद करून घालतात, ते गुळातल्या आम्लामुळे. बोअरच्या जड पाण्यात कोरा चहा केला की वर तवंग धरतो. त्याच्या मुळाशी पाण्यातले कॅल्शियम असते. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे उंच असल्याने इथे पाणी 98 अंशांजवळच उकळते. घराघरांत आणि टपऱ्यांवर हाताने ठरत आलेल्या क्रमामागे अशी कारणे आहेत. ती कळली की चहाची गोडी वाढते.

नवख्या वाचकाने सुरुवातीला एवढे करावे. एकाच पुडीचा कोरा चहा बोअरच्या आणि नळाच्या पाण्यात करून शेजारीशेजारी चाखावा. मग फक्त वेळ बदलावी, मग फक्त पूड. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच जिभेला कारण सापडते. अशी तयार झालेली जीभ निलगिरीचा सुगंध, काश्मिरी नून चहाचा खारटपणा आणि जपानी माचाचा तुरटपणा सारख्याच आस्थेने ओळखू लागते.

आणि जिथे अडेल तिथे टपरीवर जाऊन विचारावे : पूड कधी टाकता, दूध कधी, उकळ्या किती? या विषयाचे जाणकार आपल्या शहरात चौकाचौकांत उभे आहेत, आणि विचारले तर ते आनंदाने सांगतात.