लुईस जोस डिसूझा

डॉ. लुईस जोस डिसूझा : भारतीय कर्करोग शल्यचिकित्सक आणि ‘शांती अवेदना सदन’ या संस्थेचे संस्थापक. १९८६ साली मुंबईतील वांद्रे येथे सुरू झालेली ही संस्था भारतातील पहिले हॉस्पिस म्हणून ओळखली जाते. रोग बरा होणार नाही हे निश्चित झाल्यावरही रुग्णाच्या वेदना, जखमा व मानसिक क्लेश यांवर उपचार करणाऱ्या वैद्यकशाखेला उपशामक काळजी किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. भारतात या शाखेचा पाया घालणाऱ्यांत डिसूझा यांची गणना होते.

पार्श्वभूमी

डिसूझा यांनी मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून काम केले. १९४१ साली स्थापन झालेल्या या रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्यांपैकी अनेकांचा आजार निदान होईपर्यंत बराच पुढे गेलेला असतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांचा उपयोग उरला नाही की अशा रुग्णास घरी पाठविण्यात येई. मात्र त्याच्या वेदना कायम राहत. परगावच्या गरीब कुटुंबांपुढे तर रुग्णाला ठेवावे कोठे, हाच पहिला प्रश्न असे.

इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापन करून या प्रश्नाला उत्तर दिले होते. वेदना केवळ शारीरिक नसते. तिला मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक बाजूही असतात, हा त्यांचा विचार आधुनिक हॉस्पिस चळवळीचा आधार ठरला.

शांती अवेदना सदन

संस्थेच्या नावातील ‘अवेदना’ म्हणजे वेदनेचा अभाव. माउंट मेरी परिसरातील या सदनात कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांना धर्म वा जात न पाहता विनामूल्य ठेवले जाते. शुश्रूषेचे काम ख्रिस्ती धर्मभगिनी करतात. वेदनाशमन, जखमांची स्वच्छता, नळीवाटे अन्न देणे, रुग्णाशी व नातेवाइकांशी बोलणे हे तेथील कामाचे मुख्य भाग होत. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही संस्थेच्या शाखा निघाल्या.

मॉर्फिनचा प्रश्न

सदन सुरू झाले त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती प्रसिद्ध केली. तीत पॅरासिटामॉलसारख्या साध्या औषधांपासून आरंभ करून तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन देण्यास सांगितले होते. परंतु भारतात १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला होता. कठोर शिक्षा आणि राज्याराज्यांतील वेगवेगळे परवाने यांमुळे अनेक रुग्णालये व औषधविक्रेते मॉर्फिन ठेवीनासे झाले. औषधांसाठी अफू पिकविणाऱ्या या देशातच रुग्णांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी देशभर एकसमान नियमांचा मार्ग मोकळा झाला.

कार्याचे महत्त्व व मर्यादा

बरे करता येत नसलेल्या रुग्णाप्रतीही वैद्यकाचे कर्तव्य संपत नाही, ही भूमिका डिसूझा यांनी संस्थेच्या रूपाने उभी केली. कर्करोगावर शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यकानेच ती मांडल्यामुळे तिला विशेष अर्थ आहे.

हॉस्पिसमधील खाटा मर्यादित असतात आणि बहुतेक रुग्णांना अखेरचे दिवस स्वतःच्या घरी काढायचे असतात. त्यामुळे नंतरच्या काळात गृहभेटींवर आधारलेल्या सेवेचा विस्तार झाला. केरळमध्ये कोळिकोड येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले कार्य पुढे स्वयंसेवकांच्या आधारे गावोगावी पोहोचले. १९९४ साली उपशामक काळजीची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९९७ साली पुण्यात वारजे येथे सिप्ला संस्थेचे विनामूल्य केंद्र सुरू झाले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने उपशामक काळजीचा प्राथमिक आरोग्यसेवेत समावेश केला. तालुक्याच्या गावापर्यंत मॉर्फिन व प्रशिक्षित परिचारिका पोहोचविणे हे या क्षेत्रापुढील प्रमुख आव्हान आहे.

सन्मान

वैद्यकीय कार्याबद्दल भारत सरकारने डिसूझा यांना १९९२ साली पद्मश्री देऊन गौरविले.