मोहिनी झालेली कमळा

१९१३. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारा एक पुरुष. कारण बायका कॅमेऱ्यासमोर यायलाच तयार नव्हत्या.

त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन लेक कमळा मोहिनी. या कथेतली गंमत नकलेत आहे. मोहिनी नाचते, भस्मासुर तसंच करत जातो आणि शेवटी स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. मूकपटात संवाद नाहीत. राक्षसाला फसवायचं ते नजरेनं आणि हातांनी.

नाटकसिनेमातल्या बाईला तेव्हा समाज नावं ठेवायचा. पतीपासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी तरी पोटासाठी हीच वाट धरली.

पुढे कमळा रघुनाथराव गोखल्यांशी लग्न करून कमलाबाई झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, तेव्हा तीन मुलं त्यांनी अभिनयावर वाढवली. रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही केल्या.

चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र, विक्रम गोखले नातू. या घराण्याची गोष्ट आपण बापलेकांपासून सांगतो. ती सुरू होते मायलेकींपासून.