अमेरिकन यादवी युद्ध आणि महाराष्ट्र

अमेरिकन यादवी युद्ध : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांमध्ये एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५ या काळात झालेले युद्ध. गुलामगिरी राहावी की जावी, आणि विशेषतः पश्चिमेकडे नव्याने वसणाऱ्या प्रदेशांत तिला शिरू द्यावे की नाही, या वादातून ते पेटले. मृतांचा रूढ आकडा सुमारे ६ लाख २० हजार आहे. अलीकडचे काही अभ्यासक तो साडेसात लाखांपर्यंत नेतात. मराठी मुलखात या युद्धाची झळ आधी कापसाच्या भावातून पोचली आणि त्यातला मूळ प्रश्न नंतर, जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’तून. दोहोंच्या मध्ये नाशिकजवळच्या शरणपूरचे मुक्त आफ्रिकी गुलाम येतात. त्यांचा अमेरिकेशी थेट संबंध नव्हता, पण गुलामगिरी म्हणजे काय हे त्या काळी नाशिककरांना त्यांच्यामुळेही डोळ्यांनी पाहता येत होते. या नोंदीत लढायांना कमी जागा दिली आहे.

फुटीची पार्श्वभूमी : अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली तयार झाली तेव्हाच हा वाद झाकून ठेवला गेला होता. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसे मोजावीत, अशी तडजोड झाली. मताचा हक्क गुलामाला नाही, पण त्याच्या संख्येचे वजन मालकाच्या राज्याला, असा हा हिशेब होता. १७९३ मध्ये एली व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र आले आणि आखूड धाग्याचा कापूस पिकवणे किफायतशीर ठरले. मरू घातलेली मानली जाणारी गुलामगिरी दक्षिणेत पुन्हा तरारली. १८६० च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि त्यांतली ३९ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. दक्षिण कॅरोलिना आणि मिसिसिपी या राज्यांत तर निम्म्याहून जास्त लोक गुलाम होते. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता.

राजकारण चालले ते तडजोडींवर. १८२० च्या मिसूरी तडजोडीने नकाशावर एक रेषा आखली आणि तिच्या उत्तरेस नव्या प्रदेशात गुलामगिरी नको, असे ठरवले. १८५० च्या तडजोडीत पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा आला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८२० ची रेषा पुसली आणि निर्णय त्या-त्या प्रदेशातील वसाहतवाल्यांवर सोडला. परिणामी कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊन जमले. त्याच वर्षी गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या माणसाला नागरिकत्वच नाकारले, आणि १८५९ मध्ये गुलामगिरीविरोधी जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला. १८६० च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला आणि सुमारे ४० टक्के मतांवर रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना फुटून निघाले. लिंकन यांनी सूत्रे हाती घेण्याआधीच सात राज्ये बाहेर पडली होती. पुढे त्यांची संख्या अकरा झाली.

हे युद्ध ‘राज्यांच्या हक्कांसाठी’ होते, असे पुष्कळदा म्हटले जाते. मराठी क्रमिक पुस्तके वाचून मोठे झालेल्यांनीही ते ऐकलेले असते. या म्हणण्यात फारसा दम नाही. पळालेल्या गुलामांचा कायदा उत्तरेतील राज्यांनी पाळायचा नाही असे ठरवले, तेव्हा केंद्राने बडगा उगारावा म्हणून हाकाटी करणारी दक्षिणच होती. फुटून निघालेल्या राज्यांच्या बंडखोर महासंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी तर मार्च १८६१ च्या भाषणात, गोरा आणि काळा समान नाहीत व गुलामी ही काळ्याची स्वाभाविक अवस्था आहे, हाच आपल्या नव्या सरकारचा पाया असल्याचे उघड सांगितले. उत्तरेचेही सगळे सोवळे नव्हते. गुलाम ठेवणारी डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही चार राज्ये लिंकन यांच्याच बाजूला राहिली. १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा या राज्यांना लागू नव्हती. ती फक्त बंडखोर भागासाठी होती. तरीही तिने युद्धाचा रोख बदलला. पुढे सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग येथे दक्षिणेची कंबर मोडली, ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले, आणि त्याच आठवड्यात लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली.

कापूस आणि मुंबई : उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, आणि लँकशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. कामगार उपाशी राहिले. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरीस लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले, ही त्या इतिहासातली मोठी गोष्ट. मुंबईत असे काही घडले नाही. येथे कापूस होता आणि त्याला गिऱ्हाईक आले होते. लँकशायरमध्ये ‘सुरत’ म्हणून हिणवला जाणारा आखूड धाग्याचा, कचरा असलेला हिंदी कापूस आता हातोहात खपू लागला. त्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्त मिळाले, असा अंदाज दिला जातो.

खानदेश, वऱ्हाड आणि नागपूर प्रांत हा या तेजीचा मराठी पट्टा. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. जळगाव हे या काळात कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपाला आले. भाव चढले तशी लबाडीही चढली. गाठी बांधताना सरकी, माती, दगड मिसळायचे, वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी शिंपडायचे, जुना माल मध्ये कोंबायचा. एवढे प्रकार झाले की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. शेतकऱ्याच्या हाती पैसा खुळखुळू लागला, त्याचे किस्से मध्य प्रांतात पुढे बरीच वर्षे सांगितले जात. गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याचा किस्सा त्यांतलाच. तो अक्षरशः घेण्याचे कारण नाही, पण अशा गोष्टी पसराव्यात इतकी तेजी होती एवढे खरे.

मालाच्या वाटा लक्षात घेण्यासारख्या आहेत. धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत, नाशिक असा मुंबई-आग्रा रस्ता थळ घाट उतरून कोकणात जातो, आणि रेल्वेपूर्वी खानदेशच्या मालाची ही मुख्य गाडीवाट होती. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीची रेल्वे युद्धाच्या वर्षांतच नाशिक-खानदेशात पसरत होती. घाटाखालचा आणि घाटावरचा रूळ जोडणारा थळ घाटाचा टप्पा मात्र १८६५ साली, म्हणजे युद्ध संपता संपता, सुरू झाला. रेल्वे निफाड-लासलगाववरून गेली. त्यामुळे निफाड तालुक्यातच असूनही पिंपळगाव बसवंतकडे रस्ताच राहिला. दूर देशातल्या निर्णयाने आपल्या मालाचा भाव एका रात्रीत वरखाली होतो, हे तेथील आजच्या कांदा उत्पादकाला सांगावे लागत नाही. १८६१ मध्ये असा अनुभव महाराष्ट्राच्या शेतीला एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथम आला.

मुंबईत आलेला पैसा सट्ट्यात गेला. प्रेमचंद रायचंद हे या खेळाचे सूत्रधार. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या दर आठवड्याला निघू लागल्या. बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरची किंमत ५०,००० च्या घरात गेली. ली शरण आल्याची बातमी मुंबईत पोचताच कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा देणे देणारा कोणी उरला नाही. जुनी बँक ऑफ बॉम्बे बुडाली. हिंदू समाजातील सुधारणांचे अग्रणी डॉ. भाऊ दाजी लाड यांनाही या मंदीने आर्थिकदृष्ट्या उद्ध्वस्त केले. शहराची लोकसंख्या १८६४ मध्ये ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा प्रेमचंद यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीचा आहे. तो पुरा व्हायला १८७८ साल उजाडले.

१८७५ चे दख्खनचे दंगे या मंदीचे फळ, असे सरधोपटपणे लिहिले जाते. सुपे येथे १२ मे १८७५ रोजी सुरू झालेल्या त्या उठावात पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. पण कापसाचा पट्टा खानदेश-वऱ्हाडचा, आणि दंगे झाले ते जिरायती ज्वारी-बाजरीच्या मुलखात. युद्धकाळात सर्वच धान्याचे भाव आणि मजुरी वाढली, त्या भरवशावर सावकारांनी कर्जे सैल सोडली आणि सरकारने फेरपाहणीत सारा वाढवला. पुढे भाव उतरले तरी सारा आणि व्याज उतरले नाही. अमेरिकेचा वाटा आहे, तो या आडमार्गाने. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या दंग्यांनंतर आला.

येथील गुलामी आणि शरणपूर : गुलामगिरी ही मराठी समाजाला परकी वस्तू नव्हती. पेशवाईतील कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी या गुलाम स्त्रियांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत; दुष्काळात पोटची मुले विकली जात. अमेरिकेतल्यासारखे मळ्यांवरचे सामुदायिक गुलाम येथे नव्हते, घरकाम, कोठ्या आणि किल्ले यांवर ही माणसे राबत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरची मालकी मानणे बंद केले. गुलामाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवणारी भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ रोजी लागू झाली, लिंकन यांच्या घोषणेच्या बरोबर एक वर्ष आधी. येथे त्यासाठी युद्ध झाले नाही. वाद झाला नाही हेही तितकेच खरे, आणि म्हणूनच कायदा होऊनही वेठ आणि सालदारीच्या रूपाने बांधलेले जिणे तसेच चालत राहिले.

अरबी समुद्रात इंग्रजी आरमार अरबांच्या गलबतांवरून आफ्रिकी माणसे सोडवत असे. त्यांतली अनेक मुले मुंबईमार्गे नाशिकच्या शरणपूर वसाहतीत पाठवली जात. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात ही वसाहत वसवली होती. मुले तेथे लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकत. १८६५ मध्ये आफ्रिकेचे संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले, तेव्हा आपल्या शेवटच्या प्रवासासाठी त्यांनी येथून नऊ तरुण नेले. नंतरच्या तुकडीत गेलेला जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा ज्या झाडाखाली त्यांचे हृदय पुरले, त्याच्यावर नाव-तारीख कोरली ती वेनराइटने, आणि अंत्यविधीची प्रार्थनाही त्यानेच वाचली. सोबत्यांनी शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत हा तरुण होता. पुढे प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअरटाऊन वसवले, आणि नाशिकची बरीच माणसे तिकडे गेली. केनियाच्या इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. नाशिकच्या इतिहासात त्यांना अजून म्हणावी तशी जागा मिळालेली नाही.

फुले आणि ‘गुलामगिरी’ : १८७३ साली, त्याच वर्षी सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन होण्याआधी, फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपातील हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले आहे. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनीही शूद्र बंधूंना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा फुले तेथे व्यक्त करतात. प्रस्तावनेत ते शूद्रांची अवस्था आणि अमेरिकेतील गुलामांची अवस्था शेजारी-शेजारी ठेवतात. एकांना जिंकून गुलाम केले, दुसऱ्यांना पकडून. फरक एवढाच, असे त्यांचे म्हणणे.

या अर्पणपत्रिकेवर एक आक्षेप घेता येतो. अमेरिकेतील अकरा राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली होती, आणि उत्तरेतही निःस्वार्थी लोक थोडेच होते. थॉमस पेन वाचलेल्या फुल्यांना राजकारणातला स्वार्थ कळत नव्हता असे नाही. त्यांना नेमके हवे होते ते असे उदाहरण, जिथे वरच्या बाजूच्या माणसांनी खालच्यांसाठी आपल्याच लोकांशी वैर पत्करले. पुण्यातल्या वाचकांपुढे ठेवायला दुसरे असे उदाहरण त्यांच्याजवळ नव्हते. ज्या युद्धाने मुंबईत वायदे आणि शेअर यांचीच चर्चा घडवली, त्याचा नैतिक अर्थ मराठीत ठसठशीतपणे लावला तो या पुस्तकाने.

सत्यशोधक विचार नाशिक जिल्ह्यात रुजला तो मुख्यतः शिक्षणाच्या रूपाने. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या धुरीणांवर त्याचा ठसा होता. याच जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब गायकवाड हे १९३० च्या नाशिकमधील काळाराम मंदिर सत्याग्रहात डॉ. आंबेडकरांचे उजवे हात होते. स्वतः आंबेडकरांनी अमेरिकेतील गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून अस्पृश्यता जास्त घातक ठरवली. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकी काळ्या समाजाचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी स्थापन केलेल्या संघटनेने अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले.