शिवेवरचा गाडा: न दिसणाऱ्या देवीची भीती

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात घरापासून करतो.

मार्च २०२०. पुण्यातलं ऑफिस बंद झालं, लॅपटॉप बॅगेत टाकला आणि मी दारव्ह्याला घरी आलो. पुण्याहून आलोय म्हटल्यावर गल्लीतल्या खिडक्या पटापट लागल्या. लहानपणी ज्यांच्या घरी जेवलो तेही लांबूनच बोलायचे. चौदा दिवस वरच्या खोलीत बसून मी नुसता चिडत होतो. तेव्हा आजी जिन्याखालून म्हणाली, "रागावू नको बाप्पा. लोकाईले तू गाड्यावाणी दिसून रायला."

कोणता गाडा? तर मरीमायचा.

पटकी, म्हणजे कॉलरा, गावात शिरली की सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जायचा. शरीरातलं पाणी इतक्या झपाट्यानं निघून जायचं. डोळ्यांना काहीच दिसायचं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पडलाय आणि लॉग कोरा. मग हे करतंय कोण? उत्तर एकच होतं: मरीआई, आमच्याकडे मरीमाय. ती कोपली आहे.

मग लहानसा लाकडी गाडा करायचे. त्यात देवीची मूर्ती, लुगडं, बांगड्या, लिंबू, कडुनिंबाचा पाला. वाजतगाजत तो गावाच्या शिवेपार नेऊन सोडायचा. आजी सांगते, परत येताना मागे वळून बघायचं नाही. पुढच्या गावाला सकाळी गाडा दिसला की त्यांनाही तीच धडकी, मग तेही तो आपल्या शिवेपलीकडे ढकलणार. म्हणजे माझं गाव वाचावं म्हणून संकट शेजाऱ्याच्या दारात.

आणि हा गाडा ओढायचा कोणी? मरीआईची पूजा आणि शिवेवरची असली जोखमीची कामं बहुतेक ठिकाणी महार-मांग समाजाच्या वाट्याला होती. भीती सगळ्या गावाची, पण तिच्या सगळ्यात जवळ उभं राहायचं ते गावानं बाहेर ठेवलेल्यांनी. हे विसरून गाड्याची नुसती गंमत सांगणं बरोबर नाही.

१८८४ मध्ये कोलकात्यात रॉबर्ट कॉख यानं पटकीचा जंतू वेगळा काढला. तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही तो त्याला सापडला. दोष पाण्यात होता. गाडा शिवेपार गेला तरी गाव पाणी त्याच विहिरीचं पीत होतं.

आता दुसरी देवी. ह्या रोगाचं मराठी नावच बघा. रोग म्हणजे 'देवी', आणि त्याची लस टोचणं म्हणजे 'देवी काढणं'. आमच्या घरात 'माता आली' म्हणायचे. रोग झाला असं कोणी म्हणायचं नाही, पाहुणी आली आहे. तिच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही, घरात फोडणी द्यायची नाही, आजाऱ्याजवळ कडुनिंब ठेवायचा, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. गंमत म्हणजे त्या भीतीतून आजाऱ्याला आराम मिळायचा आणि तो आपोआप वेगळाही राहायचा.

रुडॉल्फ ओटो नावाच्या जर्मन अभ्यासकानं १९१७ मध्ये पवित्रतेच्या अनुभवावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, दिव्य शक्तीसमोर माणूस थरथरतो आणि त्याच वेळी तिच्याकडे ओढलाही जातो. मला ते आजीकडे बघून समजलं. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. तिचा धाकटा भाऊ त्याच साथीत गेला. 'मेला' हा शब्द ती आजही वापरत नाही, "मातेनं नेला" म्हणते. ज्या देवीनं भाऊ नेला, तिलाच ती दर आखाडात दहीभाताचा निवद दाखवते.

देवीची लस आपल्याकडे फार आधी आली. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतातलं हे पहिलं लसीकरण. पण रोग देशातून जायला १९७५ उजाडलं, आणि ८ मे १९८० ला जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. एवढा वेळ लागण्याची कारणं बरीच होती. लस टिकवणं, खेड्यापाड्यांत पोहोचवणं अवघड होतं. आणि टोचून घेतलं तर देवी कोपेल, ही भीतीही होती.

माझ्या बाबांच्या दंडावर त्या लसीचा गोल वण आहे. घरच्यांचा विरोध असताना आजीच त्यांना घेऊन गेली होती. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून आधी मातेले नारळ फोडला, मंग टोचू देल्लं."

मी यावर बराच विचार केला. भीती तिलाही होती, गाडा ढकलणाऱ्यांनाही होती. त्यांनी ती शेजारच्या गावावर लोटली. आजीनं ती स्वतःजवळ ठेवली आणि लेकराला दवाखान्यात नेलं. पंधराव्या दिवशी मी खाली उतरलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी आमच्या ओट्यावर भाजीचा डबा आणून ठेवला होता. लांबूनच म्हणाल्या, "जेवून घे रे." माझा राग तिथंच गेला.

तुमच्या गावच्या शिवेवर शेंदूर लावलेला दगड असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याची गोष्ट विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. ती सांगणारी माणसं आता थोडीच राहिलीत.

चला, भेटू पुढच्या भागात.